आधी प्लग काढा!

जालना जिल्ह्यात कुठलंही इंजिन बंद पडलं की पाच मिनिटांत त्याच्याभोवती चार माणसं जमतात, आणि चौघांचं निदान एकच असतं. मग ते इंजिन दूधवाल्याच्या जुन्या एम-एटीचं असो, मोसंबीवर फवारा मारायच्या पाठीवरच्या पंपाचं असो, गवत कापायच्या यंत्राचं असो, की पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या विहिरीवरच्या म्हाताऱ्या पंपाचं. "काय झालं?" "सुरूच व्हईना." "प्लग काढून बघितला का?" "नाही." "मंग?" या 'मंग'मध्ये जेवढा तुच्छभाव भरता येतो तेवढा नागपुरी हिंदीतसुद्धा भरता येत नाही. टाकीत पेट्रोल आहे का, ही शंका तिसऱ्या माणसाला येते. पण एवढा बाळबोध प्रश्न चारचौघांत कसा विचारायचा म्हणून तो ती गिळतो. पेट्रोलचा कॉक बंद आहे, हे चौथ्याला दिसतं. पण तोवर समोरच्या दुकानातून पाना आलेला असतो, आणि आलेला पाना रिकाम्या हातानं परत पाठवायची आपल्याकडं रीत नाही. ज्या घरात वेळेला काडेपेटी सापडत नाही त्या घरात प्लग-पाना सापडतो, हे आमचं जिल्ह्याविषयीचं पहिलं निरीक्षण.

पुढचा विधी ठरलेला आहे. प्लगची टोपी ओढायची. ती फारच सहज हातात आली तर एकानं "टोपीच सैल होती वाटतं" असं पुटपुटायचं आणि बाकीच्यांनी ते ऐकलंच नाही असं दाखवायचं. मग पान्याला झटका देऊन प्लग सोडवायचा, गरम असतो म्हणून या हातातून त्या हातात झेलायचा, फुंकर मारायची आणि त्याचं तोंड बघायचं. ते काळं असतं. "बघा, काळा ठिक्कर!" असं अशा सुरात म्हणायचं, की जणू बाकीचं इंजिन आतून गोरंपान आहे. त्यानंतर घासणं. त्याला पॉलिश पेपर, तो नसेल तर फरशीचा तुकडा, तोही नसेल तर चपलेचा तळ. मधल्या फटीत दाढीचं अर्धं ब्लेड घालून अंतर तपासायचं. ब्लेड किती जाड असतं आणि फट किती हवी, हे दोन्ही कुणाला ठाऊक नसतं, तरी "बरोबर आहे" हा निकाल ठरलेला. शेवटी प्लग टोपीत खोचून इंजिनाच्या अंगाला टेकवायचा आणि दुसऱ्यानं किक मारायची. ठिणगी निळी दिसली की मंडळी खूश. धरणाऱ्याला झटका बसला की त्याहून खूश, कारण 'करंट येतोय' याला याहून सबळ पुरावा कुठल्याच शास्त्रात नाही.

एवढं झाल्यावर गाडी बहुतेक वेळा सुरू होते, आणि घोटाळा नेमका तिथंच आहे. प्लगच्या तोंडावर साठलेला कोळसा खरवडला गेला म्हणून ती सुरू होते, हे खरं. पण दहा-पंधरा मिनिटांत सिलिंडरमध्ये साचलेलं जादा पेट्रोलही उडून गेलेलं असतं. म्हणजे प्लगला हात न लावता सगळे चहाला गेले असते, तरी निम्म्या वेळा गाडी सुरू झाली असती. श्रेय मात्र पॉलिश पेपरला मिळतं. मग चार दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडते, पुन्हा प्लग निघतो, पुन्हा काळा असतो, आणि "कंपनीचा माल आता पहिल्यासारखा राहिला नाही" असा ठराव एकमतानं मंजूर होतो. प्लग काळा का झाला, हा प्रश्न या सबंध कार्यक्रमपत्रिकेत नाही. पूल खचल्यावर कारकुनाला निलंबित करावं, तसा आपण प्लग निलंबित करतो. तो सगळ्यांत लहान, सगळ्यांत स्वस्त, एका पान्यात सुटणारा आणि उलट उत्तर न देणारा. आमचं म्हणणं असं की दोष बहुधा टाकीत काय ओतलं आणि किती ओतलं यात असतो. ओतणारे आपणच असतो. आणि म्हणूनच चौकशी प्लगपाशी थांबते.

प्लग म्हणजे तसं पाहिलं तर एक तार, तिच्याभोवती चिनी मातीची बाही आणि समोर वाकवलेला एक धातूचा अंकुश. त्याचं टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर तापलं की त्यावरचा कोळसा आपोआप जळून जातो. तोंड धुवायला त्याला कुणाची गरज लागत नाही. टोक ९०० अंशांच्या पुढं गेलं तर मात्र ठिणगीची वाट न पाहता त्याच्यामुळंच मिश्रण पेटतं, आणि मग पिस्टनची धडगत नसते. या दोन मर्यादांच्या मधे त्याला ठेवायचं, एवढीच त्याची अपेक्षा. तोंडाचा रंग तो फुकटात सांगत असतो. कोरडा काळा काजळीसारखा असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी, किंवा चोक ओढलेलाच राहिला. ओला, चिकट काळा असेल तर तेल. पांढराफट्ट असेल तर हवा जास्त आणि डोकं तापलेलं. फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक, त्याला परत आत जाऊ द्या. पिवळट झिलई किंवा राखाडी बारीक मणी दिसले तर शिसं, पण तो प्रकार दूधवाल्याच्या गाडीत आता दिसायचा नाही. कारण भारतातल्या मोटारींच्या पेट्रोलमधलं शिसं २००० सालीच हद्दपार झालं. एवढा मजकूर ज्या तोंडावर छापलेला असतो ते तोंड आपण वाचण्याआधी घासून टाकतो.

प्लग बदलायचाच ठरला, तरी त्यातही गंमत आहे. प्लग 'गरम' आणि 'थंड' अशा जातींचे असतात. टोकाची उष्णता जो हळू सोडतो तो गरम, लवकर सोडतो तो थंड. जपानी एनजीकेच्या प्लगवरचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. जर्मन बॉशच्या प्लगवरचा आकडा वाढला की तो गरम होत जातो. हीच बॉश आपल्याकडं अनेक वर्षं मायको या नावानं ओळखली गेली. नाशिककरांनी तर त्या नावाचा चौकच करून ठेवला आहे. तर एका कंपनीचा सातचा प्लग काढून दुसरीचा सातचा घालणाऱ्या माणसानं नेमकं काय केलं, हे त्याला, मिस्त्रीला आणि इंजिनाला तिघांनाही कळत नाही. "सातचाच दिला ना?" "सातचाच." इथं विषय संपतो.

वाचक म्हणतील, हे अडाणीपणाचं लक्षण आहे, शिकलेल्या माणसांत असं होत नसेल. म्हणून आम्ही मुद्दाम असा वर्ग शोधला, ज्याच्या बुद्धीविषयी आणि हिमतीविषयी शंका घेता येणार नाही: स्वतःचं विमान स्वतः बांधणारी माणसं. आपल्याकडं ही जात दुर्मीळ. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवल्याची कथा सांगतात. तिला भरवशाचा पुरावा नाही, पण ते पाऱ्यावर चालत होतं असं सांगितलं जात असल्यानं प्लगचा प्रश्न तिथं उद्भवत नाही. अलीकडचं, कागदोपत्री पक्कं उदाहरण वैमानिक अमोल यादव यांचं. त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला आणि २०१९ च्या ऑक्टोबरात उड्डाणाची परवानगी. गच्चीवर लोक पापड वाळत घालतात आणि शेजारी त्यावरूनही भांडतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या कामगिरीचं मोल जास्त कळेल. यादवांच्या विमानाचा आमच्या पुढच्या तक्रारीशी काही संबंध नाही. तक्रार आहे ती परदेशातल्या, विशेषतः अमेरिकेतल्या, त्या हौशी मंडळींबद्दल, जी घरी बांधलेल्या विमानाला माझदा मोटारीचं रोटरी इंजिन बसवतात.

हे इंजिन म्हणजे अभियांत्रिकीतलं एक गोड खूळ आहे. फेलिक्स वांकेल या जर्मन गृहस्थानं ते काढलं. त्याची नजर इतकी अधू होती की त्यानं आयुष्यात मोटार चालवायचा परवाना घेतला नाही. १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत ते पहिल्यांदा फिरलं, १९६७ मध्ये माझदानं दोन रोटरची मोटार बाजारात आणली, आणि १९९१ साली याच जातीच्या इंजिनानं ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. यात पिस्टन वर-खाली करत नाही, पिस्टनच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण लांबट पोकळीत गरगर फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंना पेट्रोल ओढणं, दाबणं, पेटवणं, धूर टाकणं हे एकाच वेळी चालू असतं. हलणारे भाग मोजके, धडधड कमी, वजनाच्या मानानं ताकद भरपूर. विमान बांधणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं असंच सगळं. फक्त प्लगच्या नशिबी इथं वनवास आहे. साध्या चार-स्ट्रोक इंजिनात प्लग दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी टाकतो. रोटरीत शाफ्टच्या दर फेरीला टाकावी लागते. साध्या इंजिनात आत येणारं थंड, ताजं मिश्रण प्लगच्या अंगावरून जातं. रोटरीत ते एका बाजूनं आत येतं आणि प्लग बसतो कायम पेटत्या बाजूला. म्हणून त्याला थंड जातीचा प्लग लागतो. आणि थंड जातीचा प्लग आकाशात पूर्ण ताकदीवर सुखात असला, तरी जमिनीवर संथ फिरताना त्याचं टोक त्या ४५० अंशांपर्यंत पोचतच नाही. तिथं तो काळा होतो.

त्यात या इंजिनाला तेल प्यायची सवय आहे, आणि ती सवय म्हणजे बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. त्रिकोणाच्या तीन टोकांवर एपेक्स सील नावाच्या पट्ट्या असतात. त्या भिंतीला घासत फिरतात, म्हणून मोटारीत एक छोटा पंप इंजिनातलंच तेल थेंब थेंब आत सोडतो. त्या तेलात बाकीच्या कामांसाठी जस्ताची, कॅल्शियमची संयुगं घातलेली असतात. ती जळली की राख उरते आणि राख बसायला प्लगइतकी सोयीची जागा नाही. म्हणून विमानवाल्यांतले शहाणे तो पंप बंद करतात आणि पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक गाड्यांचं टू-टी तेल मिसळतात, लिटरला साधारण सात-आठ मिली. म्हणजे काय, तर लाखो रुपये आणि आयुष्याची दहा वर्षं घालून, कॉम्प्युटरवर हवेचा प्रवाह काढून, कार्बन फायबरचे पंख चढवून माणूस शेवटी हातात मापाचं प्लॅस्टिकचं भांडं घेऊन टाकीपाशी उभा राहतो. भोकरदन नाक्यावरचा कुठलाही जुना मिस्त्री तिथं नेऊन सोडला तर त्याला परदेशात असल्यासारखं वाटणार नाही.

शिवाय विमानाच्या जगात हा चिकट इतिहास जुनाच आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांनाही 'रोटरी' इंजिनं होती. ती निराळी, त्यांत शाफ्ट स्थिर आणि सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरायचे. त्यांना वंगण म्हणून एरंडेल लागायचं, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. ते एकदा वापरलं की धुरातून बाहेर, थेट वैमानिकाच्या तोंडावर. एरंडेलाचे शरीरावर काय परिणाम होतात ते मराठी वाचकाला आजीनं शिकवलेलं आहे. वैमानिकांनाही ते आकाशात कळत असे, असं सांगतात. प्लगही तुपकट व्हायचे. आपल्या बांधावरच्या एरंडानं जागतिक युद्धात सेवा दिली, याबद्दल त्याचा कुठं पुतळा नाही. पण हे एरंडाचं गुऱ्हाळ इथंच आवरतो. मुद्दा पेट्रोलचा आहे.

रोटरी विमानाच्या मालकापुढं दोन टाक्या असतात. एकीत विमानतळावरचं अव्हगॅस, दुसरीत रस्त्यावरच्या पंपाचं पेट्रोल. जगभर प्रचलित असलेल्या अव्हगॅसचं नाव १००-एलएल. एलएल म्हणजे 'कमी शिसं'. कमी म्हणजे किती, तर लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत. आपल्याकडं मोटारीच्या पेट्रोलमधलं शिसं पूर्ण जाण्याआधी मर्यादा ०.१५ ग्रॅमवर आणली होती. म्हणजे ज्याला विमानवाले 'कमी' म्हणतात ते त्याच्या पावणेचारपट. शिशाचं संयुग पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे आपोआप भडका न उडण्याची क्षमता, वाढवतं हे १९२१ मध्ये थॉमस मिजली यानं शोधून काढलं (याच गृहस्थानं पुढं फ्रिजमधला फ्रिऑनही दिला, एका माणसानं वातावरणाचं याहून जास्त नुकसान करणं अवघड आहे). शिसं जळल्यावर प्लगवर बसू नये म्हणून त्यासोबत ब्रोमीनचं एक संयुग घालतात. ते शिशाला वाफ करून धुराड्याबाहेर काढतं. मात्र त्यासाठी आत पुरेशी धग लागते. संथ इंजिन, भरपूर पेट्रोल, थंड प्लग असं त्रिकूट जमलं की शिसं बाहेर जात नाही, प्लगवरच राखाडी मणी होऊन बसतं. आणि यातला खरा विनोद असा, की रोटरीला शंभर ऑक्टेनची गरजच नाही. तिच्यात आपोआप भडका उडायची प्रवृत्ती कमी. टर्बो नसेल तर आपल्या साध्या पंपावर पूर्वी मिळणारं ९१ ऑक्टेनचं पेट्रोलही तिला पुरतं. म्हणजे मालक जास्त पैसे देऊन जी गोष्ट विकत घेतो ती त्याच्या इंजिनाला नको असते, आणि त्या गोष्टीसोबत जे येतं ते त्याच्या प्लगला.

जालन्याचा माणूस या भानगडीत पडला नसता, याचं कारण वेगळं आहे. १००-एलएलचा रंग निळा असतो, ओळखू यावं म्हणून मुद्दाम दिलेला. आणि आपल्या पिढ्यांनी निळा द्रव पाहिलाय तो रेशनच्या दुकानात. अव्हगॅसची बाटली इथल्या कुणाच्याही हातात द्या, उजेडाकडं धरून तो एका क्षणात निकाल देईल: "यात रॉकेल मारलंय." जेट विमानं प्रत्यक्षात रॉकेलाच्याच शुद्ध भावंडावर उडतात, हे त्याला सांगितलंत तर तो म्हणेल, "तरीच तिकीट एवढं महाग."

तिकडं रोटरीवाल्यांत मात्र संभाषण असं चालतं. "काही तास उडालं की प्लग जातोय." "कोणता वापरता?" "जपानी." "महागाचा इरिडियमचा घालून बघा." "घातला. तोही गेला." "मग वायर बदला." "बदलली." "कॉईल?" "दोनदा." "पेट्रोल?" "पेट्रोलला हात लावायचा नाही, ते सगळ्यांत उत्तम आहे." प्लगच्या ब्रँडवर हे लोक जातीयवाद्यांच्या आवेशानं भांडतात. साध्या पिस्टन विमानांत तर प्लगच्या बदल्यांचं अधिकृत कोष्टक असतं: तळाच्या प्लगवर शिसं आणि तेल जास्त साचतं, म्हणून ठरावीक तासांनी तळाचा प्लग वर, वरचा खाली. परतूरचा मंठ्याला, मंठ्याचा परतूरला, कारभार तोच. झीज सारखी व्हावी हा त्यामागचा हेतू रास्त आहे, पण घाण का साचते याचं उत्तर बदलीत नसतं. ते उत्तर बऱ्याच अंशी वैमानिकाच्याच हाताखालच्या दांडीत असतं. जमिनीवर असताना पेट्रोल कमी सोडा, मिश्रण पातळ ठेवा, हा सल्ला प्रत्येक जाणकार शिक्षक देतो. तो फुकट आहे. बहुधा म्हणूनच पाळला जात नाही.

आता आमच्यावरचे आक्षेप. पहिला अव्हगॅसवाल्यांचा, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, अव्हगॅस जगात कुठंही घ्या, एकसारखं निघतं, साठवलं तरी लवकर नासत नाही आणि गरम हवेत लवकर वाफ धरत नाही. पंपावरच्या पेट्रोलचा भरवसा काय? हे बरोबर आहे. अव्हगॅसचा बाष्पदाब ४९ किलोपास्कलच्या वर जाऊ देत नाहीत, पंपावरच्या पेट्रोलचा त्याहून जास्त असतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात ४२-४३ अंशांत बॉनेटखालच्या नळीत पेट्रोलची वाफ झाली तर मोटार रस्त्याच्या कडेला उभी राहते आणि माणसं लिंबाच्या झाडाखाली बसतात. विमानाला कडही नाही आणि लिंबही नाही. पण या युक्तिवादातून निघतं ते एवढंच की नळ्यांचा मार्ग थंड ठेवावा, पंप टाकीच्या जवळ असावा. यातून शिसं पवित्र ठरत नाही. हिंदुस्थानात २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याजवळच्या गुजरात रिफायनरीत अव्हगॅस बनवते आहे, त्याचा अभिमान जरूर वाटावा. पण अभिमानानं प्लग साफ होत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे आणि तो उलट्या बाजूनं येतो. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि हल्ली गाडीला काहीही झालं की पहिलं नाव इथेनॉलचं निघतं. प्लग काळा? इथेनॉल. टायर बसलं? इथेनॉल. आरसा हलतो? "ते नवीन पेट्रोल आलंय ना." दुसऱ्या बाजूला उसाचं कौतुक. पैठणच्या डाव्या कालव्याचं पाणी अंबड, घनसावंगीच्या उसाला मिळतं, अंकुशनगरला समर्थ कारखाना आहे, भोकरदन-जाफराबादच्या मक्यालाही इथेनॉलमुळं भाव येईल अशी आशा. आपल्याच शेतातला माल आपल्याच टाकीत, मग नावं कशाला ठेवायची? दोघांनाही आमचं उत्तर एकच: प्लगच्या बाबतीत इथेनॉल निर्दोष आहे. त्याच्या रेणूतच प्राणवायू असतो, ते जळतं स्वच्छ, काजळी पेट्रोलपेक्षा कमी धरतं. त्याचे गुन्हे दुसऱ्या कलमाखाली येतात. लिटरमागं त्याच्यात उष्णता एक तृतीयांशानं कमी, म्हणून वीस टक्के मिश्रणात एकूण सहा-सात टक्के घट. जुन्या रबरी नळ्यांना, वॉशरना, काही फायबरग्लासच्या टाक्यांच्या लेपाला ते सोसत नाही. आणि ते पाणी शोषतं. पावसाळ्यात टाकीत पाणी बेताबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाशी जातात, वर उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल, आणि नळी असते तळाशी. तेव्हा घरी बांधलेल्या विमानात ते आंधळेपणानं ओतू नये, हे खरंच. पण महिनाभर अर्धवट भरून उभ्या ठेवलेल्या गाडीच्या काळ्या प्लगचं खापर त्याच्यावर फोडू नये, हेही खरं.

मग प्लग काळा करतो कोण? आमच्या मते, प्रेम. आपल्याकडं प्रेम तेलातून व्यक्त होतं. टू-स्ट्रोक गाडीला लिटरमागं २० ते ४० मिली टू-टी, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण पुस्तकातलं माप हे कंजूष माणसानं ठरवलेलं माप, अशी आपली समजूत. "थोडं जास्तच टाका, इंजिनाला बरं असतं." फवारणीच्या पंपात तर तेल बाटलीच्या टोपणानं मोजतात, टोपण कोणत्या बाटलीचं हे त्या दिवशी जे हाताला लागेल त्यावर. जास्त तेल म्हणजे मिश्रणात पेट्रोलचा वाटा कमी, इंजिन उलट जास्त तापतं, आणि न जळलेलं तेल प्लगवर. जनावराला पेंड जास्त घातली तर त्याचं पोट बिघडतं हे ज्याला पक्कं कळतं, तोच माणूस पंपाच्या बाबतीत उदार होतो. रोटरीवाला अमेरिकन इंजिनिअरही याच प्रेमाचा बळी. सात-आठ मिलीनं भागतं हे त्याला ठाऊक असतं. पण डोळ्यांपुढं त्या एपेक्स सीलच्या पट्ट्या येतात, खाली जंगल दिसतं, आणि हात थोडा सैल पडतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत अवघड, कारण तो पैशाचा आहे. "प्लग केवढ्याला येतो? बदलून टाकावा. डोक्याला ताप कशाला?" रोटरीवालेही हेच म्हणतात, आणि तेही अभिमानानं: प्रमाणित विमानांच्या प्लगला भरमसाट पैसे पडतात, आमचे मोटारीचे, स्वस्तातले, काळे झाले की फेकले. दुचाकीपुरता हा युक्तिवाद आम्ही मान्य करतो. बाजारात अडलेल्या माणसाला रसायनशास्त्र शिकवण्यात अर्थ नाही. विमानात मात्र तो लंगडा पडतो. रोटरीच्या प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, बहुधा निरनिराळ्या कॉईलवर, म्हणजे एक गेला तरी दुसरा ओढून नेईल. ही व्यवस्था वायर तुटली किंवा कॉईल जळली तर उत्तम चालते. पण शिशानं आणि तेलानं काळे होणारे दोन्ही प्लग एकाच टाकीतलं पितात आणि जवळपास एकाच वेगानं काळे होतात. एकाची जागा घेताना दुसऱ्याचीही तीच अवस्था असते. मग नवा प्लग खिशात असून उपयोग काय? तो बदलायला पाना लागतो, आणि हजार फुटांवर समोरचं दुकान नसतं.

तेव्हा वाचकांना विनंती. प्लग काढायचा तर खुशाल काढा, तो आपला हक्क आहे आणि जमलेल्या मंडळींचा हिरमोड करू नये. पण घासण्याआधी त्याचं तोंड नीट बघा, फार तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी ताडून पाहता येईल. काजळी असेल तर चोक आणि एअर फिल्टर बघा, तेलकट असेल तर टू-टीची बाटली आणि माप. फिल्टरवर शेतातली माती बसलेली असते आणि ती झटकायला काही पडत नाही. टू-टीचं खुणा केलेलं माप मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात मिळतं आणि ते प्लगपेक्षा स्वस्त असतं.